पोहण्याजोगी पंचगंगा: मैलापाण्याची तोंडे शोधायची, मोजायची आणि बंद करायची कशी

पंचगंगा घाटावर पोहायला शिकलेली माणसे कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतात. पाठीला डबा बांधून पहिली उडी मारायची, काही दिवसांत डबा सुटायचा, आणि मग पावसाळा लागेपर्यंत नदी आपली. ही सवय अजून टिकून आहे, आणि टिकायलाच हवी. पण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला सुरू होणारी ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत शहराचे आणि काठच्या गावांचे मैलापाणी पोटात घेत जाते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. कारण होते मैला मिसळलेले पाणी.

नदी स्वच्छ करायची म्हटली की आपण घाट झाडतो, निर्माल्य गोळा करतो, जलपर्णी ओढून काढतो. ही कामे जरूर करावीत. पण पोहणाऱ्याला आजारी पाडतो तो डोळ्यांना न दिसणारा मैला, आणि तो येतो ओढ्या-नाल्यांच्या तोंडांतून. जलपर्णीसुद्धा त्याच मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. तोंड उघडे ठेवून ती काढली तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पात्र भरणार. म्हणून खालची सगळी कामे एकाच दिशेने जातात: एकेक तोंड शोधायचे, त्यातून किती येते ते मोजायचे, आणि तिथून मागे घरापर्यंत जाऊन ते बंद करायचे. उदाहरण पंचगंगेचे घेतले आहे. कृष्णा, गोदावरी, मुळा-मुठा किंवा गावच्या ओढ्यालाही हीच रीत चालते.

काठाने चाला, तोंडे शोधा

हे काम फेब्रुवारी ते मे याच काळात करावे. पावसाळी नाला उन्हाळ्यात कोरडा असायला हवा. एप्रिलमध्ये त्यातून पाणी वाहत असेल तर ते एक तर झऱ्याचे, नाही तर फुटक्या जलवाहिनीचे किंवा कॅनॉलचे, आणि बहुतेक वेळा गटाराचे. पावसाळ्यात सगळेच पाणी गढूळ आणि सगळेच नाले भरलेले असतात, तेव्हा कुणी काही सिद्ध करू शकत नाही. उन्हाळा हाच आपला साक्षीदार.

चार-पाच जण निघा आणि सोबत नदी ओळखणारा माणूस घ्या. मासेमारी करणारा, म्हशी धुवायला आणणारा, काठावर मोटर बसवलेला शेतकरी, यांना कुठला पाइप रात्री सुटतो हे पाठ असते. सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ उत्तम, कारण घरोघरी आंघोळी, संडास, धुणीभांडी तेव्हाच चालतात आणि मैलापाण्याचा जोर सर्वांत जास्त असतो. प्रत्येक तोंडाचा फोटो मोबाइलमधले ठिकाण चालू ठेवून घ्या. उघडा नाला की पाइप, रुंदी अंदाजे किती, वास, रंग, फेस, वरच्या अंगाला कुठली वस्ती आहे, एवढे वहीत लिहा.

वास-रंगावर शंका असेल तर नाल्यातला एक दगड काठीने उलटून पाहा (हातमोजे घालूनच). मैलापाणी सतत येते तिथे दगडाला करड्या-पांढुरक्या रंगाची, ओल्या वातीसारखी लोंबणारी बुळबुळीत झालर धरलेली असते. ती म्हणजे सेंद्रिय घाणीवर वाढलेल्या जिवाणूंचे जाळे. चिखलात लालभडक बारीक अळ्या वळवळत असतील तर तिथला प्राणवायू जवळजवळ संपलेला आहे असे समजा. एखाद्या वेळीच पाणी सोडलेल्या ठिकाणी अशी झालर धरत नाही. त्यामुळे ‘आज चुकून आले असेल’ या उत्तराला ती झालरच परस्पर उत्तर देते.

बंधारे वेगळे नोंदवा. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि नदीची तळ्यांची माळ होते. उन्हाळ्यात वरून ताजे पाणी कमी येते, अडलेल्या पाण्यात मैला साचून कुजतो आणि बरगे काढले की तो सगळा एकदम खाली जातो. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वारंवार येतात. म्हणून बरगे कधी घातले आणि कधी काढले याच्या तारखाही वहीत हव्यात.

किती येते ते मोजा

‘खूप घाण येते’ या तक्रारीला कार्यालयात किंमत नाही. ‘रोज इतके लाख लिटर येते’ म्हटले की समोरचा माणूस कागद पुढे ओढतो. मोजायला टेप, घड्याळ आणि एक संत्रे पुरते.

नाल्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा. तीन ठिकाणी रुंदी आणि काठीने खोली मोजून सरासरी काढा. वरच्या टोकाला संत्रे सोडा आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते पाहा. समजा रुंदी १ मीटर, खोली १० सेंटिमीटर आणि वेळ ४० सेकंद. वेग झाला सेकंदाला पाव मीटर. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार ०.०२५ घनमीटर. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा जोरात वाहते, म्हणून ०.८ ने गुणायचे. उत्तर सेकंदाला २० लिटर, म्हणजे दिवसाला १७ लाख २८ हजार लिटर.

आता हे माणसांत मांडा. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होते. १७ लाख २८ हजारांना १०८ ने भागले की १६ हजार येतात. ज्याच्यावरून उडी मारून पलीकडे जाता येते असा हा नाला १६ हजार माणसांचे सांडपाणी नदीत नेतो आहे. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या दारात हा एक आकडा पुरतो. सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीन वेळा मोजून सरासरी घ्या, म्हणजे आकड्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

पाण्याचा नमुना

पोहण्याच्या पाण्यासाठी केंद्राचे निकष ठरलेले आहेत. दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर कधीच नसावेत. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५. यातला पोहणाऱ्याच्या कामाचा आकडा पहिला, म्हणजे कोलिफॉर्मचा. पाणी काचेसारखे नितळ असले तरी तो हजारांत असू शकतो.

ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ती काळी पडणारी एचटूएस बाटली इथे उपयोगाची नाही. ती फक्त दूषित आहे की नाही एवढेच सांगते आणि नदीच्या पाण्यात ती काळी पडणारच. आपल्याला संख्या हवी. त्यासाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा किंवा अभियांत्रिकी वा विज्ञान महाविद्यालयाची प्रयोगशाळा गाठा आणि ‘फीकल कोलिफॉर्म, एमपीएन पद्धतीने’ असे स्पष्ट सांगा.

निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या आणि ती विसळू नका. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, पाण्याखाली वीतभर खोल बाटली उघडा आणि वर थोडी जागा ठेवून बंद करा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. एकाच सकाळी तीन नमुने हवेत: नाला मिळण्याच्या वरच्या बाजूचा, नाल्यातला आणि खालच्या बाजूचा. वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त आला की नाल्याचा वाटा उघडा पडतो. फक्त घाटावरचा एक नमुना घेतला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. आपण घेतलेला नमुना जनजागृतीला आणि तक्रारीला आधार म्हणून चालतो. कारवाईसाठी १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना लागतो. म्हणून आपला अहवाल हातात घेऊन ‘आमच्यासमोर नमुना घ्या’ ही मागणी करायची.

घरापासून सुरुवात

काठच्या गावांत आणि शहराच्या वाढीव वस्त्यांत ड्रेनेज लाइन नसते. शौचालयाला सेप्टिक टाकी असते, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप शोषखड्ड्यात न जाता सरळ गटारात सोडलेला असतो. टाकी मैला धरून ठेवते आणि काही प्रमाणात कुजवते, पण बाहेर पडणारे पाणी जिवाणूंनी भरलेलेच असते. आपल्या घराचा पाइप कुठे जातो हे बघायचे सोपे काम आज करा. शौचालयात खाण्याच्या रंगाचे बादलीभर पाणी ओता आणि एका माणसाला गटाराच्या तोंडाशी उभे करा. टाकी असलेल्या घरी रंग पातळ होऊन उशिरा दिसतो, म्हणून दोन-तीन वेळा ओतून धीर धरा. जिथे ड्रेनेज लाइन आहे तिथे रंग पावसाळी गटारात न दिसता ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दिसायला हवा. गटारात दिसला तर जोडणीच चुकलेली आहे.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसलीच पाहिजे. तुंबेपर्यंत थांबले तर गाळाने टाकीची जागा खाल्लेली असते आणि मैला जसाच्या तसा बाहेर पडतो. उपसायला यंत्राची गाडीच बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार हे विचारा. शुद्धीकरण केंद्राऐवजी ओढ्यात ओतणार असेल तर आपण पैसे मोजून नदी घाण करतो आहोत. कृष्णाकाठच्या वाई नगरपालिकेने २०१८ पासून घरांच्या टाक्या तीन वर्षांच्या चक्राने, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे उपसायची पद्धत सुरू केली आणि त्या मैल्यासाठी वेगळे प्रक्रिया केंद्र बांधले. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तेच केले. आपल्या नगरपालिकेला ‘हे कुणाला जमणार’ असे म्हणायची सोय राहिलेली नाही.

नवे शौचालय बांधत असाल आणि जागा असेल तर दोन खड्ड्यांचे बांधा. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला वर्षभर बंद ठेवायचा. त्याचे खत होते आणि गटारात थेंबही जात नाही. विहीर किंवा बोअर खड्ड्यांपासून किमान १० मीटर दूर हवी.

शोषखड्ड्याबाबत मात्र जमीन बघून निर्णय घ्या. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या तांबड्या मुरमाड जमिनीत खड्डा झकास चालतो. शिरोळकडच्या काळ्या रानात तो वर्षभरात तुंबतो आणि लोक कंटाळून पुन्हा पाइप गटाराला जोडतात. आधी फूटभर खड्डा घेऊन रात्रभर पाण्याने भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. पाणी एक इंच उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा घ्या. तासाहून जास्त लागला तर त्या जमिनीत पाणी मुरणार नाही. तिथे सांडपाणी एकत्र करून प्रक्रियेकडे नेण्यावाचून गत्यंतर नाही. गावोगाव सरसकट एकाच मापाचे खड्डे खोदण्याची मोहीम निघते तेव्हा ही साधी चाचणी हट्टाने करून घ्या.

गोठा

कोल्हापूरला म्हशींचे कौतुक आहे आणि ते रास्त आहे. पण गोठा धुतलेले शेण-मुताचे पाणी गटाराला लागले की तेही मैलापाणीच. जनावरांच्या विष्ठेतूनही माणसाला रोग होतात. शेण आधी खोऱ्याने उचला, मग धुवा. पाणी निम्म्याने कमी लागते. धुण्याचे पाणी गोबरगॅसमध्ये किंवा उकिरड्याच्या खड्ड्यात घ्या. म्हशी नदीत नेण्याऐवजी काठावर हौद बांधून तिथे धुवायची सोय ग्रामपंचायत करू शकते.

गावाचा ओढा

गावात सगळे पाइप शेवटी एका ओढ्याला मिळतात, त्यामुळे काम एका ठिकाणी करता येते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारेच संपवली, डासही गेले. त्या पद्धतीला पुढे नांदेड पॅटर्न म्हणू लागले. जिथे जमीन साथ देत नाही तिथे ओढ्याच्या तोंडाआधी गाळ बसायची टाकी आणि त्यापुढे खडी-वाळूचा वाफा करून त्यात कर्दळ, पाणकणीस लावता येते. नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरीड पद्धत याच तत्त्वावर चालते. वीज जवळजवळ लागत नाही, म्हणून ग्रामपंचायतीला ती पेलते. पण गाळ दर वर्षी काढावा लागतो आणि झाडे छाटावी लागतात. हे काम कुणाच्या नावावर आहे ते ठरावात लिहून घ्या, नाही तर दोन वर्षांत तिथे डबके होते. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामाला निधीची तरतूद केलेली आहे. ग्रामसेवकाला आराखड्यात हे काम कुठे आहे ते ग्रामसभेतच विचारा.

शहराला काय विचारायचे

कोल्हापुरात कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे मैलाशुद्धीकरण केंद्र आहे. क्षमतेचे आकडे भाषणात येतात. आपल्याला वेगळे आकडे हवेत. जयंती नाल्याचे पाणी अडवून, पंपाने उपसून केंद्राकडे न्यावे लागते. अशा व्यवस्थेचा जीव पंपात असतो. वीज गेली, पंप बिघडला किंवा वळवाचा पाऊस झाला की पाणी बांधावरून ओसंडून थेट नदीत जाते. म्हणून प्रश्न असे असावेत: गेल्या वर्षात पंप किती तास बंद होते? जनरेटर पूर्ण क्षमतेने पंप चालवू शकतो का? जादा पंप आहे का? नाला किती वेळा ओसंडला, त्याची नोंद कुठे आहे? केंद्रात रोज प्रत्यक्ष किती पाणी पोचले?

आणि सर्वांत महत्त्वाचे, पण क्वचितच कुणी विचारते ते म्हणजे निर्जंतुकीकरण चालू आहे का. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १००० च्या आत हवेत. प्रक्रियेनंतर पाणी नितळ झाले तरी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची शेवटची पायरी वगळली तर हा आकडा गाठणे कठीण असते. नदी दिसायला सुधारते आणि पोहणारा आजारी पडतच राहतो.

पॅरिसच्या सीन नदीत १९२३ मध्ये पोहायला बंदी आली होती, तिथल्या काही जागा २०२५ च्या उन्हाळ्यात लोकांसाठी पुन्हा खुल्या झाल्या. त्यांनी ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ पावसाचे आणि गटाराचे जादा पाणी तात्पुरते साठवायला प्रचंड भूमिगत टाकी बांधली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याबरोबर चुकीच्या जोडण्यांची हजारो घरे एकेक करून हुडकली, नदीतल्या नावांची सांडपाण्याची नळी गटाराला जोडायला लावली आणि शुद्धीकरण केंद्रांत निर्जंतुकीकरणाची सोय केली. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे, पण घरोघरी रंग ओतून जोडणी तपासायला तेवढा पैसा लागत नाही. हे काम आपल्या महापालिकेचा एक कनिष्ठ अभियंता आणि दोन कर्मचारी वॉर्डनिहाय करू शकतात.

तक्रार, तीही क्रमाने

नकाशा, मोजमाप आणि नमुन्याचा अहवाल जोडून पहिले पत्र ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेला द्या आणि पोच घ्या. प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला द्या. एका पत्रात एकच तोंड घ्या. वीस नाल्यांची एकत्र तक्रार वीस टेबलांवर फिरते.

उत्तर आले नाही तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि ते असमाधानकारक असेल तर पहिले अपील. ‘प्रदूषणाबाबत माहिती द्या’ असे मोघम मागू नका. ‘अमुक ते अमुक तारखेची पंपगृहाची दैनंदिन नोंदवही आणि क्लोरीन खरेदीची बिले’ असे मागा. केंद्रात अतिनील किरणांची सोय नसेल आणि क्लोरीन खरेदीही झाली नसेल तर निर्जंतुकीकरण झाले नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

एवढ्याने हलले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो, म्हणून तारखा सांभाळा. तिथे तुमची वहीच सर्वांत मोठा आधार ठरते.

तोवर पोहणाऱ्यांनी काय पाळायचे

नाला मिळतो त्याच्या खाली पोहू नका, वरच्या बाजूला जा. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदीत उतरू नका, कारण रस्त्यांवरची आणि गटारांतली साठलेली घाण पहिल्या सरीबरोबर येते. वळवाच्या पहिल्या पावसात तर अजिबात नाही. अंगावर उघडी जखम असेल तर थांबा, लेप्टो या तापाचे जंतू तिथून शिरतात. लहान मुले पाणी गिळतात, म्हणून त्यांना साचलेल्या डोहात शिकवू नका. पोहून आल्यावर साबणाने आंघोळ, आणि खाण्याआधी हात. जुलाब, ताप किंवा डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना नदीत पोहल्याचे आवर्जून सांगा.

तालीम मंडळे आणि पोहणाऱ्यांचे गट यांनी मिळून घाटावर एक फळा लावावा. त्यावर शेवटच्या नमुन्याची तारीख, कोलिफॉर्मचा आकडा, शेजारी ५०० आणि २५०० या मर्यादा, आणि आज पोहावे की नाही. महिन्यातून एक नमुना वर्गणीतून परवडतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच तोंडांवर, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि दोन्ही वर्षांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जे तोंड कमी झाले नाही, पुढच्या वर्षीचे पहिले पत्र त्याच तोंडाचे.